धुवायला नेलेली टाकी

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, ज्याच्याबरोबर तीस वर्षं डबा खाल्ला त्या मित्रालाही नाही. सांगण्यासारखी माणसं नव्हती असं नाही — पण त्यांचं माझ्याबद्दल बरं मत आहे आणि ते तसंच राहावं असं मला वाटतं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. यातही भित्रेपणा आहेच, नाही का? असू द्या. तो माझ्यात पहिल्यापासून आहे.

गोष्ट मोटारसायकलच्या टाकीची आहे. हसलात तरी चालेल.

मी पेणजवळच्या गडबचा. रोह्याशेजारी धाटावला एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होतो. माझ्याकडे एक टू-स्ट्रोक गाडी होती, मी घेतली तेव्हाच जुनी. तिची टाकी खालून सडली. आधी थेंब, मग ओघळ. मी साबण लावायचो — कपड्याच्या साबणाची कोरडी वडी भोकावर घासली की पेट्रोल थांबतं, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही माहीत. पण दोन दिवस झाले की पुन्हा गळती. शेवटी कंपनीच्या वॉचमनला वास आला आणि त्याने गाडी गेटच्या आत घ्यायला नकार दिला. बरोबरच होतं त्याचं. आत काय काय साठवलेलं असायचं, तिथे पेट्रोल गळणारी गाडी कोण घेईल?

इथे मी म्हणू शकतो की नोकरीचा प्रश्न होता. मनाशी कित्येक वर्षं तेच म्हणत आलो. पण कंपनीची बस आमच्या नाक्यावर थांबायची. रोज, वेळेवर. मला तिच्यातून जायचं नव्हतं, एवढंच. गाडीवरून जाणारा माणूस आणि नाक्यावर डबा धरून उभा राहणारा माणूस, यांत गावाच्या नजरेत फरक असतो. तो फरक मला हवा होता.

टाकी मात्र मिळेना. रोह्याला आमचा एक म्हातारा मेकॅनिक होता, सगळे त्याला अण्णा म्हणायचे. त्याने समजावलं, तुझी गाडी पहिल्या लॉटची आहे. पुढे बनवणाऱ्यांनी टाकी बदलली. बाहेरून जुळी बहीण वाटेल, पण पोटातली खाच अरुंद आणि बोल्टचा मागचा कान दोन बोटं पुढे. मला पटेना. मी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक आणली — बसली, पण हँडल पूर्ण वळवलं की टाकीवर आपटायचं. पेणच्या भंगारवाल्याकडे दुसरी मिळाली, तिचा पेट्रोलचा कॉक उलट्या बाजूला, नळी गरम सायलेन्सरवरून न्यावी लागत होती. अण्णाने ती हातातही धरली नाही. चार महिने असेच गेले. मग तोच एक दिवस म्हणाला, पेणच्या पलीकडे मिठागराच्या एका गावात याच लॉटची गाडी उभी आहे, मालक परगावी गेलाय. पण खाऱ्या वाऱ्यात पत्रा काय उरला असणार? निदान कान मिळाले तर कापून वेल्डिंग करू.

गावाचं नाव सांगत नाही. त्या बाईचंही खरं नाव नको; पारू म्हणू.

पारूमावशी एकटी राहायची. जन्मभर मिठागरात राबलेली, पायांच्या टाचा मिठाने फाटलेल्या, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागलेला. पडवीत गोणपाटाखाली गाडी होती. गोणपाट काढलं आणि मी बघतच राहिलो. चाकं गंजलेली, हँडल पार सडलेलं, आणि टाकी शाबूत. झाकण उघडून बोट घातलं तर बोटाला तेल लागलं. खोबरेल.

मी विचारलं तर ती मला वेड्यात काढल्यासारखी हसली. कोयत्याला तेल लावून ठेवतात, मग याला नको? मुलगा, दत्तू, गुजरातेत कामाला गेला होता. जाताना म्हणाला होता, टाकी सांभाळ, बाकीचं मी आल्यावर बघतो. त्याचा अर्थ एवढाच असणार की गाडीकडे लक्ष ठेव. पण हिने शब्द धरला. दर उधाणाला, म्हणजे पुनवेला-अवसेला, वाटीभर तेल टाकीत ओतायची आणि गाडी दोन्ही हातांनी हलवायची, म्हणजे ते सगळीकडे फिरेल. चार वर्षं. ज्या घरात भाजीला फोडणी रोज पडत नव्हती, त्या घरात.

मी टाकी विकत मागितली. ती म्हणाली, "ती दत्तूची हाय. त्याची वस्तू मी कशी देऊ?" मी पुन्हा मागितली, मग आणखी एकदा. नाय म्हणजे नाय.

आता इथून पुढचं लिहिताना हात थांबतो. का थांबतो? केलं तेव्हा तर थांबला नव्हता.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेलो. या वेळी पाना घेऊन. म्हटलं, मावशी, खोबरेलाने आत चिकटा धरलाय, दत्तू आला आणि पेट्रोल भरलं की कार्बोरेटर तुंबणार, गाडी काय चालू होणार नाय. टाकी धुवून घेतली पाहिजे. मी रोह्याहून धुवून आणतो, परवा देतो. — आणि यातला चिकट्याचा भाग खरा होता, बरं का. खोटं पचायला थोडं खरं मिसळावं लागतं, ते मला न शिकवता येत होतं.

ती घाबरली. आपल्या हातून मुलाच्या गाडीचं वाटोळं झालं असं तिला वाटलं. चार वर्षांची तिची मेहनत मी एका वाक्यात तिची चूक करून टाकली. तिनेच टाकीची दुसरी बाजू धरून मला ती उतरवायला मदत केली. वर मला काळा चहा केला.

टाकी माझ्या गाडीवर अशी बसली, जणू तिथूनच काढली होती. पेणला गणपतीच्या कारखान्यात स्प्रे मारणाऱ्या एकाकडून मी ती काळी करून घेतली. उजव्या अंगाला एक खळगा होता, रंगवणारा म्हणाला लांबी, म्हणजे पुट्टी, भरून सपाट करू. मी म्हटलं राहू दे. माझा गुडघा त्यात नेमका बसायचा.

परवा आला आणि गेला. तिने निरोप धाडले — मीठ घेऊन येणाऱ्या ट्रकवाल्यांकडून, पेणच्या बाजारात येणाऱ्या बायकांकडून. गडबकडचा कुणी गाडीवाला, टाकी धुवायला नेलीय, झाली का विचारा. एक निरोप माझ्यासमोर नाक्यावर बोलला गेला. मी चहा पीत होतो. मीही इतरांबरोबर म्हटलं, कोण असेल बुवा? आणि चहा संपवला.

तीन वर्षांनी पेणच्या एस.टी. स्टँडबाहेर मी गाडी लावून पान घेत होतो. वळून बघतो तर पारूमावशी गाडीजवळ. हातात पिशवी, दुसऱ्या हाताने सीट चाचपत आधार घेतेय. दोन्ही डोळे आता गेल्यातच जमा. तिचा हात सीटवरून टाकीवर आला. उजव्या अंगाला. खळग्यावर येऊन थांबला. मग तळवा नुसता तिथेच फिरत राहिला, जसा तो ती चार वर्षं फडक्याने फिरला असेल.

"बाला, ही गाडी कोनाची?"

पळून जाता आलं असतं. मी तेही केलं नाही. मी जवळ गेलो आणि भाषा बदलली. आयुष्यात मी घरी-दारी हाय-नायच बोललो, तिच्याशीही तेच बोललो होतो. त्या दिवशी मी तहसील कचेरीतल्या साहेबासारखा बोललो — शुद्ध, सावकाश. मावशीसुद्धा म्हटलं नाही.

"माझी आहे, आजी. काही हवंय का आपल्याला?"

तिने हात चटकन मागे घेतला. साहेबाच्या गाडीला हात लावला म्हणून ती ओशाळली. आणि मग, ओशाळलेली माणसं बोलतात तसं, ती उगाचच सांगत सुटली. दत्तू आला होता. गेल्या शिमग्याला, दोन दिवस. गोणपाट काढलं आणि टाकी नाही. धुवायला दिलीय म्हटल्यावर हसला, मग चिडला. कुणी नेली त्याचं नाव नाही, गाव नक्की नाही — तूच कुणाला तरी देऊन टाकलीस म्हणाला. एक वस्तू सांभाळायला सांगितली होती, तीही तुला जमली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. त्यानंतर चिठ्ठी नाही की माणूस नाही.

"त्याचं काय चुकलं?" ती म्हणाली. "मीच खुली, येडी. पन टाकी नेली तो मानूस वंगाळ नव्हता, सायेब. त्याला कायतरी झालं असल. अपघातबिपघात."

माझा हात टाकीवर होता. मी काय बोललो माहीत आहे? मी म्हटलं, "असं होतं कधी कधी."

तिला तिच्या गावची एस.टी. सापडेना, म्हणून मी तिला दंडाला धरून नेलं आणि खिडकीशी बसवून दिलं. वाहकाला सांगितलं, आजींना नीट उतरवा. आजूबाजूच्या लोकांनी कौतुकाने बघितलं. मला ते आवडलं — हेही लिहितो, लिहायचंच आहे तर.

ती टाकी मी पुढे बरीच वर्षं वापरली. गळली कधीच नाही. मग गाडीच भंगारात गेली. पारूमावशी त्याच्या आधीच गेली. दत्तू मातीलाही आला नाही, असं कानावर आलं.

त्या दिवशी एस.टी. सुटताना तिने खिडकीतून हात बाहेर काढून माझं डोकं चाचपलं होतं. म्हणाली, "सुखी राहा, सायेब. पोराबालांनी घर भरू दे." मी मान वाकवली, तिचा हात नीट पोचावा म्हणून.

आणि मी सुखी राहिलो. पोरं शिकली, नोकरीला लागली, म्हाताऱ्या आईबापाला रोज फोन करतात. तिचा शब्द माझ्या बाबतीत अगदी खरा ठरला.