शेवटचा नग विकायचा नाही

अख्ख्या सांगलीत, माल डोळ्यांसमोर दिसत असताना 'माल न्हाई' असं छातीठोकपणे सांगणारा दुकानदार एकच होऊन गेला, आणि माझं नशीब असं थोर की तो नेमका माझा सासरा निघाला. आण्णांचं ऑइल इंजिनांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. कृष्णाकाठच्या उसाला पाणी पाजणारी बरीचशी जुनी इंजिनं विलायती, त्यामुळे त्यांचे भागही बोटीनं यायचे. सदुसष्टच्या अरब-इस्रायल लढाईत सुवेझचा कालवा बंद पडला, तशा बोटी आफ्रिकेला वळसा घालू लागल्या आणि माल महिनोन्महिने येईनासा झाला. बाकीच्या दुकानदारांनी होतं नव्हतं ते चढ्या भावानं विकलं आणि मोकळ्या फळ्यांखाली पत्ते कुटत बसले. आण्णांनी मात्र नियम केला, फळीवरचा शेवटचा नग विकायचा नाही. साक्षात कलेक्टर आला तरी नाही.

एकदा शिराळ्याकडचा एक शेतकरी तणतणत आला. इंजिन बंद, ऊस करपायला लागलेला. त्याला व्हॉल्व हवा होता. आण्णांनी सिमेंटच्या पिशवीच्या कागदावर आफ्रिका काढून त्याला बोटीचा रस्ता समजावला. तो बिचारा म्हणाला, "आवं आण्णा, बोट आफ्रिकेला वळसा घालू दे न्हाईतर शिराळ्याला. व्हॉल्व तर त्यो काय, फळीवर दिसतोय की!"

"दिसतोय. पण त्यो शेवटचा हाय."

मग आण्णा तो व्हॉल्व धोतराच्या फडक्यात गुंडाळून स्वतः लेथवाल्या मिस्त्रीकडे गेले आणि त्याच्यासारखा दुसरा तयार होईपर्यंत स्टुलावर ठाण मांडून बसले. परत आल्यावर दोन्ही व्हॉल्व दाराच्या उजेडात धरले, डोळे मिटून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "उतरलाय, हुबेहूब." नवा शेतकऱ्याला, जुना परत फळीवर. "शेवटचा इकला, तर म्होरला कशावरनं काढायचा रं?" त्या टंचाईत वाळव्यापासून मिरजेपर्यंतची इंजिनं चालली, ती या एका प्रश्नावर. त्यांना चिक्कू म्हणणारे दुकानदारसुद्धा पुढे गुपचूप नमुना मागायला यायचे. आण्णा द्यायचेही, वर चहा पाजून.

पण हा नियम दुकानात ठेवून घरी यावं ना! तेही नाही. काड्यापेटीतली शेवटची काडी ओढायची नाही, म्हणून सासूबाई चूल पेटवायला शेजारणीकडे विस्तव मागायच्या. दिवाळीच्या डब्यातला शेवटचा लाडू तर कुणी खाल्लेला मी पाहिला नाही. सासूबाई म्हणायच्या, "ह्या घरात शेवटचा लाडू मुंग्यांच्या नावानं."

आणि या घरातली तिसरी, म्हणजे शेवटची मुलगी, सुलू, मी पसंत केली. मी साताऱ्याच्या हायस्कुलात भूगोल शिकवत होतो. थोरल्या दोघींची लग्नं आण्णांनी झटपट उरकली होती. सुलूच्या वेळी मात्र सगळं ठरलं, तारीख तेवढी निघेना. आधी म्हणाले दिवाळीनंतर, मग म्हणाले शिमग्यानंतर, आणि शेवटी म्हणाले, "कालवा उघडू द्या, मग बघू." आमचे वडील कपाळाला हात लावून म्हणाले, "घ्या! कार्ट्याचं लग्न आता इजिप्तच्या हातात." आई सकाळ-संध्याकाळ रेडिओच्या बातम्यांना कान लावून बसायला लागली. मी वर्गात सुवेझचा कालवा इतक्या पोटतिडकीनं शिकवायचो की माझी ढ पोरंसुद्धा नकाशात तो डोळे मिटून दाखवायची.

अखेर वडील मला घेऊन सांगलीला गेले आणि त्यांनी सरळ विचारलं, "द्यायची आहे का नाही? नसेल तर आम्ही दुसरीकडे बघतो." आण्णा खाली मान घालून म्हणाले, "पावणं, शेवटची हाय वो. न्हाई जमायचं."

तेवढ्यात सुलू चहा घेऊन बाहेर आली. कपबश्या खणकन ठेवल्या आणि म्हणाली, "आण्णा, मला फळीवर ठेवून माझ्यावरनं लेथवर दुसरी काढणार हायसा व्हय?"

आण्णांनी लेकीकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते. पण तोंडानं एवढंच म्हणाले, "चा घ्या पावणं, गार हुतोय. आन् तारीख काडा."

कालवा तसाच बंद राहिला आणि आमचं लग्न झालं. साताऱ्याच्या एसटीत आम्हाला बसवताना आण्णांनी खिडकीतून माझा हात धरला. "जावईबापू, जपून हाताळा. आमच्याकडं दुसरी न्हाई." मी एरवी हसलो असतो. त्या दिवशी हसू आलं नाही.

आमची मुलगी झाली ती सांगलीतच. आण्णांनी तिला दाराच्या उजेडात नेलं, सुलूला शेजारी उभं केलं, डोळे मिटले आणि त्या इवल्याशा नाकावरून अंगठा फिरवला. मी विचारलं, "उतरलीय का?"

"न्हाई," आण्णा म्हणाले. "ही येगळीच हाय. हिची आई बी अशी एकच हुती." आणि पोरीला माझ्याकडे देऊन, दुकान उघडं टाकून आलोय, असं काहीतरी पुटपुटत निघून गेले. दुकान त्या दिवशी बंद होतं.

आण्णा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. गेल्या दिवाळीत डबा आवरताना मी सहज म्हणालो, "असा माणूस पुन्हा व्हायचा नाही." सुलू म्हणाली, "कशावरनं होईल? नमुनाच गेला." डब्यात एक लाडू उरला होता. मी हात घातला, तिच्याकडे पाहिलं आणि झाकण लावून डबा पुन्हा फळीवर ठेवला.