सहाव्या कलमातली खूण

कोर्टात मी जन्मभर खोटं ऐकलं, थोडंफार बोललोही. त्याचं फारसं काही वाटत नाही. वकिलाला वाटून चालत नाही. पण एकदा मी अगदी खरं बोललो होतो, आणि त्याची लाज अजून जात नाही.

छप्पन साल सरत आलं होतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी नवा वकील होतो. आमच्या घरात तीन पिढ्या कचेरीच. वडील गेले तेव्हा त्यांची पुस्तकं, त्यांचा काळा कोट आणि त्यांचा मुन्शी, असं सगळंच माझ्याकडे आलं. मुन्शी म्हणजे वकिलाचा कारकून. पक्षकारांना सांभाळायचं, तारखा ध्यानात ठेवायच्या, पुस्तकांचा लाल बस्ता घेऊन वकिलामागे कोर्टात यायचं. आमचा मुन्शी मॅट्रिक झालेला, इंग्रजी वाचणारा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. वडिलांनी त्याला ठेवला म्हणून गावात त्यांना सुधारक म्हणत. पण ओसरीच्या आत तो कधी आला नाही, आणि आम्ही कुणी बोलावलंही नाही. मी त्याला अरे-तुरे करीत असे. तेव्हा त्यात कुणाला वावगं दिसत नव्हतं, असं लिहिणार होतो; पण त्याला दिसत असणारच.

त्या साली दसऱ्याला तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. घरातले देव त्याने नदीत सोडले. मी थट्टेने विचारलं, "काय रे, देवाशी कट्टी?"

तो हसला. "कट्टी कायची साहेब? आता खोटं बोलाचं नाही, एवढंच."

"मग वकिलाकडे कसा टिकणार तू?" मी म्हणालो, आणि आम्ही दोघेही हसलो.

पुढच्या वर्षी कोर्टात बेलिफाची जागा निघाली. समन्स गावोगाव नेऊन बजावायचं काम, पण सरकारी नोकरी. त्याने अर्ज केला, मी शिफारस लिहिली. खरोखर मनापासून लिहिली. ते पत्र आज सापडलं तर मला थोडा आधार वाटेल.

त्याच सुमारास गावच्या सरकारी वकिलाची जागा रिकामी झाली. ती मला हवी होती. अशा जागा कायद्याच्या ज्ञानावर मिळतात असं सांगणारा माणूस एकतर भोळा असतो किंवा त्याला ती जागा मिळालेली असते. नाव वर पाठवणार गावचे पुढारी, त्यावर शेरा मारणार जजसाहेब. पुढाऱ्यांची सरकी काढायची जिनिंग होती. एके सकाळी ते स्वतः माझ्या बैठकीत येऊन बसले.

"वकीलसाहेब, तुमचं नाव म्या वर धाडलं. जजसाहेबाचा शेरा आला का झालं. पण तुमच्या त्या मुन्शाले काहून पुढं करून राह्यले? धर्म सोडला त्यानं. अशा मानसाच्या शपथेवर कोन भरवसा ठेवन?"

मी चहा मागवला.

शपथेची मेख खरीच होती. समन्स बजावलं की बेलिफाला तसं शपथेवर लिहून द्यावं लागतं. आमच्याकडे ही शपथ 'देवाला स्मरून' घ्यायची चाल होती. कायदा मात्र वेगळा होता. ज्याला शपथेला हरकत आहे त्याने नुसत्या सत्यप्रतिज्ञेवर सांगावं, असं शपथांच्या कायद्याचं सहावं कलम साफ सांगत होतं. हिंदूंनाही त्या कलमाने प्रतिज्ञाच सांगितली होती. कोर्टात देव आला होता तो सवयीने, कायद्याने नव्हे.

हे मला माहीत होतं, आणि मुन्शालाही. मुलाखतीच्या सकाळी बस्ता बांधताना तो म्हणाला, "साहेब, सहाव्या कलमात कागद घालून ठेवला. लागलं तर दाखवजा."

जजसाहेब भाविक गृहस्थ, कपाळाला रोज गंध. शिफारस माझी म्हणून त्यांनी मलाही चेंबरमध्ये बसवून घेतलं. मुन्शाचं अक्षर पाहिलं, समन्स वाचून घेतलं, खूश झाले. मग म्हणाले, "बेलिफाची शपथ म्हणून दाखवा."

तो उभा राहिला. "मी सत्यप्रतिज्ञेवर सांगतो की..."

"देवाला स्मरून म्हणा."

"माफी असावी साहेब. मी देव मानत नाही. सत्यप्रतिज्ञेवर सांगतो."

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. ते माझ्याकडे वळले. "काय वकीलसाहेब, हे असं चालतं का?"

बस्ता माझ्या पायाशी होता. वरचंच पुस्तक. कागदाचं टोक बाहेर आलेलं मला दिसत होतं. मुन्शी माझ्याकडे पाहत होता. काळजीने नव्हे, निवांतपणे. आपला वकील बोलणार, याची खात्री असलेला पक्षकार पाहतो तसा.

मी म्हणालो, "साहेब, आपल्याकडे प्रघात देवाला स्मरूनच आहे."

शब्द न् शब्द खरा होता. मी स्वतः देव मानत होतो का, हे मला तेव्हा धड सांगता आलं नसतं. शेरा मात्र मी मानत होतो.

तो बस्ता घेऊन माझ्यामागे घरापर्यंत आला. ओसरीवर बसून त्याने पुस्तकं जागच्या जागी लावली. सहाव्या कलमातला कागद काढून खिशात ठेवला. "उद्यापासून येत नाही साहेब," म्हणाला आणि गेला. तो भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

महिन्याभरात माझी नेमणूक आली. आईने सत्यनारायण घातला, मी सोवळं नेसून पूजेला बसलो. पुढारी तीर्थप्रसादाला आले होते. मुन्शाने बाजारात शिलाई मशीन टाकली, आणि त्या बोळाने जाणं मी सोडून दिलं. चार पावलांच्या कामाला गावाला वळसा घालणारा सरकारी वकील मीच.

मध्ये काही वर्षं गेली. बाजारातल्या सरकारी जागेचा एक दावा लागला, आणि सरकारतर्फे साक्षीदार निघाला तोच. त्याला टाळायला आता बोळ नव्हता. जजसाहेब नवे, तरुण होते. शिपाई म्हणाला, "म्हणा, देवाला स्मरून..."

"मी सत्यप्रतिज्ञेवर सांगीन."

जजसाहेबांनी मान वर केली. "वकीलसाहेब, असं चालतं का?"

तेच वाक्य. मी ताडकन उठलो आणि पुस्तक न उघडता सहावं कलम घडाघडा म्हटलं. आता मला काहीच गमवायचं नव्हतं. जजसाहेबांनी मान डोलावली, शिपायाने प्रतिज्ञा दिली, त्याने ती शांतपणे घेतली. सगळं मिळून एक मिनिट लागलं असेल.

"वा," जजसाहेब टाक बुडवता बुडवता म्हणाले, "कलम तोंडपाठ आहे तुम्हाला."

"हो साहेब," पिंजऱ्यातून तो म्हणाला, "वकीलसाहेबाले पयलेपासून माहीत आहे."

सत्य सांगेन म्हटल्यानंतरचं त्याचं ते पहिलं वाक्य. जजसाहेबांनी ते जबाबात लिहून घेतलं नाही.