फिटरने बुजवलेली फट

अर्ध्या चादरी पिळून दोरीवर गेल्या होत्या, अर्ध्या अजून टबात साबणाच्या पाण्यात होत्या, आणि फिटरीणबाई नळाची रबरी नळी हातात धरून नुसत्याच उभ्या होत्या. आत फिटर भिंतीकडे तोंड करून पडले होते. काल दुपारपासून ना चहा, ना शब्द.

पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं पंप दुरुस्त करण्यात घालवलेला माणूस. कुठे थेंब गळला की यांचा जीव गळायचा. पाहुण्यांकडे गेले तरी आधी मोरीतला नळ आवळून यायचे, मग जेवायला बसायचे. बाई म्हणायच्या, "यांना स्वर्गात नेलं तरी आधी तिथली टाकी तपासतील."

एकुलती एक मुलगी, दोन गल्ल्या सोडून दिलेली. जावई तलावावर होडी चालवायचा. तलावात पाणगवत माजलेलं, ते इंजिनाच्या पंख्यात सारखं अडकायचं. मागच्या वर्षी, इंजिन बंद आहे असं समजून त्याने गवत काढायला हात घातला आणि उजव्या हाताची तीन बोटं पाण्यातच राहिली. तेव्हापासून तो खुर्चीत बसून असायचा, हात खिशात. मुलगी आईपाशी एवढंच बोलली होती, "आई, माणूस घरात आहे गं, पण घरात नाही."

तेव्हा फिटरांनी मनावर घेतलं. पंखाच नसलेली होडी करायची. पंप पाणी ओढणार आणि बारीक तोटीतून जोराने मागे सोडणार. तोटीच्या भोवती एक रुंद नळकांडं. धावतं पाणी शेजारच्या उभ्या पाण्यालाही सोबत घेऊन पळतं, असं त्यांचं म्हणणं. "बाजारात एक धावत सुटला की दहाजण उगाच मागे पळतात ना, तसं." थोड्या पाण्याने बरंच पाणी मागे ढकलायचं, म्हणजे होडी पुढे. सात महिने अंगणात ठाकठोक चालली होती.

काल जावयाला आग्रहाने तलावावर नेलं. पंप घुरघुरला, पाणी उसळलं, होडी जागची हलेना. काठावरचा होड्यांचा मालक म्हणाला, "फिटरसाहेब, होडी केलीत की नांगर?" जावई हसला नाही. म्हणाला, "मामा, माझ्यासाठी आता काही करू नका. मी संपलोय." आणि चालत घरी गेला. होडीचं दुःख फिटरांनी पचवलं असतं. त्या शब्दाने ते आडवे झाले.

"देवा, यंत्र चालो न चालो, पोराला तेवढं उठव," असं मनात घोळवत बाईंनी नळी टबात बुडवली आणि तोंडावर अंगठा दाबून धार बारीक केली. बूड गेलेला एक जुना मग तिथेच पाण्यात आडवा पडला होता. धार त्यातून आरपार गेली, तसा मगाच्या तोंडाभोवतीचा फेस भराभर आत शिरून पलीकडून बाहेर पडू लागला. बाईंनी गंमत म्हणून नळीचं टोक मगात सरकवून भोवतीची फट दुसऱ्या तळव्याने झाकली. फेस जागच्या जागी थांबला. तळवा काढला, पुन्हा पळाला. देव कुणाला कुठे काय दाखवेल, सांगता येत नाही.

ओल्या हातांनीच त्या आत गेल्या. "अहो, तुमच्या नळकांड्याच्या पुढच्या तोंडाला काय आहे?"

"काय असणार? पॅकिंग. रबर घालून, बोल्ट आवळून गच्च केलंय. थेंब शिरायचा नाही."

"मग शेजारचं पाणी आत येणार कुठून? तुमच्या त्या दहाजणांना तुम्ही दाराबाहेरच कोंडलंत की!"

फिटर उठून बसले. उशीखालचा होडीच्या आराखड्याचा कागद काढून बघितला. कागदावर फट होती, त्यांनीच काढलेली. मग आपल्या हातांकडे बघत म्हणाले, "चौतीस वर्षं फटी बुजवल्या गं. हातांनी कागद वाचलाच नाही."

बाईंना हसू आलं होतं, ते ओठातच राहिलं.

संध्याकाळी फिटर जावयाच्या दारात उभे राहिले. "जावईबापू, चूक माझी होती. पाण्याची नव्हती. एकदा चला." सासऱ्याच्या तोंडून चूक हा शब्द त्याने पहिल्यांदाच ऐकला असावा, तो उठला.

पॅकिंग काढलं आणि होडी निघाली. फार नाही, चालत्या माणसाइतकी. पण गवतातून निघाली. मध्यावर जावयाने खिशातला हात काढला, मागे वाकून नळकांड्याच्या तोंडाशी पाण्यात धरला. पाण्याने हात आत ओढला. कापलं काहीच नाही. "ओढ आहे, मामा," तो म्हणाला. त्याचा चेहरा पाहून फिटरांनी सुकाणूचा दांडा त्याच्या हाती दिला. दांडा बारीक. उरलेल्या अंगठ्या-बोटात तो ठरेना, निसटला, आणि होडी गवतात जाऊन तिरकी रुतली.

"बघितलंत ना?" हात परत खिशात गेला.

फिटरांनी होडी गवतातून सोडवून काठाला लावली. घराच्या दारापाशी जावई पाठमोराच म्हणाला, "दांडा जरा जाड असता तर..." आणि वाक्य तिथेच टाकून आत गेला.

रात्रभर भिजलेल्या चादरींना आंबूस वास लागला होता. सकाळी बाई त्या पुन्हा धुवायला बसल्या तेव्हा फिटर चपला घालत होते.

"कुठे निघालात?"

"हार्डवेअरच्या दुकानात. दांड्यावर चढवायला जाड रबरी मूठ आणतो."