पाटीवरचा आकडा

नव्वदच्या दशकाच्या शेवटी डोंबिवली पूर्वेला एक ई-मेल केंद्र होतं. मी तिथे सर्व्हर सांभाळायचे. केंद्राच्या दाराशी काळी पाटी होती आणि त्यावर रोज सकाळी मी खडूने एक आकडा लिहायचे: आमचा सर्व्हर न थांबता किती दिवस चालू आहे. शुक्रवारी वीज जायची तेव्हाही तो बॅटऱ्यांवर चालूच असायचा. अमेरिकेतल्या मुलाबाळांना पत्रं टाइप करायला येणारे आईवडील आधी पाटीसमोर थांबून माना डोलवायचे, मग आत यायचे. आकडा कशाचा आहे हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

मालक ठाण्याच्या एका कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन आलेले. सगळे त्यांना काका म्हणत, मीही. कॉम्प्युटरमधलं त्यांना जे कळायचं ते त्या आकड्यापाशी संपायचं. वर्ष पूर्ण झालं की सर्व्हरसमोर सत्यनारायण घालायचा, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

दोनशे अकराव्या दिवशी मी वाचलं की आमच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, एक भोक सापडलंय. आमच्याकडे खातं असलेला कोणीही एक छोटा प्रोग्राम चालवून सगळ्यांची पत्रं वाचू शकत होता. उपायही सोबतच आला होता. मी तो उतरवून घेतला, नवा कर्नल तयार करून ठेवला. आता फक्त मशीन एकदा बंद करून चालू करायचं, पाच मिनिटांचं काम. पण मग पाटीवर शून्य आलं असतं.

"अगं, चालू आहे ना? मग कशाला हात लावतेस?" काका म्हणाले. "आपल्याकडे सगळी घरंदाज माणसं येतात."

घरंदाज! त्या शब्दाचा मला अजून संताप येतो. आणि मी काय केलं? मान डोलवली. वर्तकनगरला घरी जाऊन आईपुढे काकांची यथेच्छ टर उडवली आणि दुसऱ्या दिवशी सुवाच्य अक्षरात २१२ लिहिलं. खोटं कशाला बोलू, आकड्याची चटक मलाही लागलेली.

आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका यायच्या. त्यांना आम्ही बाई म्हणायचो. न्यू जर्सीत त्यांच्या मुलीचा संसार मोडत आला होता, जावयाचा हात उठायचा. हे बाईंनी सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं. फक्त मुलीला पत्रातून धीर द्यायच्या. पत्र गेलं की मला हळूच विचारायच्या, हे दुसरं कुणी वाचत नाही ना गं? मी नाही म्हणायचे. दोनशे अकरानंतरही तेच म्हणत राहिले.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात बाईंच्या सोसायटीचे सेक्रेटरी दोन सभासदांना घेऊन त्यांच्या घरी गेले. सांत्वनाला. चहा घेतला, मुलीने घाई करू नये असं सुचवलं, जावयाशी बोलून बघायची तयारीही दाखवली. हे गृहस्थ केमिकल कंपनीत साहेब आणि आमचं रोजचं गिऱ्हाईक. इंटरनेटवरून तो प्रोग्राम मिळवून त्यांनी आमच्यावर चालवला होता. चोरून वाचलेलं गप्प ठेवावं एवढीही अक्कल नव्हती. दुसऱ्याच्या घरातलं कळलं की मदतीला धावायचं, ही आमच्याकडची सभ्यता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई केंद्रात आल्या. सेक्रेटरींना कसं कळलं, एवढंच त्यांनी विचारलं. काका पंख्याकडे बघू लागले. मी सर्व्हरवरच्या नोंदी उघडल्या, त्यात सेक्रेटरींचं खातं लख्ख दिसत होतं. मग कुणालाही न विचारता मशीन बंद करून चालू केलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. बाहेर जाऊन पाटी पुसली आणि शून्य लिहिलं.

बाई माझ्यामागे बाहेर आल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगून टाकलं: भोक, उपाय, आकडा.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"तीन आठवडे झाले, बाई."

त्यांनी आवाज चढवला नाही. पाटीकडे बघत राहिल्या.

"मग रोज तेही लिहायचंस ना इथे," त्या म्हणाल्या, आणि पायऱ्या उतरून गेल्या.