मामींची गिरणी आणि माझं संगीत

गिरणीवाल्या मामींना कुजबुजता येत नसे. इंजिनावर आवाज चढवता चढवता जन्म गेला, त्यामुळे 'कुणाला सांगू नका' हेसुद्धा त्या वेशीपर्यंत ऐकू जाईल असं सांगत. माझा बारावीचा निकाल गावाला माझ्याआधी कळला तो त्यांच्यामुळेच.

मामा गेल्यावर गिरणी त्याच चालवत. डिझेल इंजिन जाऊन विजेची मोटर आली आणि पंचाईत झाली. पूर्वी धुराड्यावरचा डबा पुक-पुक करू लागला की वस्तीवरच्या बायका दळण घेऊन निघत. मोटर मुकी. गिरणी चालू आहे हे कुणाला कळेना आणि गिऱ्हाईक स्टँडजवळच्या नव्या गिरणीकडे वळलं. "असंच चाललं तर कुलूप लावावं लागंल," मामी मला म्हणाल्या. अर्थात साऱ्या आळीनं ऐकलं.

मी तेव्हा औरंगाबादेहून डिप्लोमा आणि एक जुना कॉम्प्युटर घेऊन परतलो होतो. त्यात सिंथेसायझरचा प्रोग्राम होता. पडद्यावर खोकी, खोक्यांना वायरी. वायर इकडची तिकडे जोडली की नवा आवाज. नोकरी मिळत नसताना माणसाला स्वतःला काहीतरी समजावंच लागतं. मी स्वतःला संगीतकार समजत असे. माझी 'अंतराळातली पहाट' मामींनी शेवटपर्यंत ऐकली आणि विचारलं, "कावून रडतंय हे?" मग म्हणाल्या, "त्यापेक्षा इंजनाचा आवाज काढ की त्याच्यात."

कलावंताचा अपमान गिळून मी कामाला लागलो. एका खोक्यातून ठोका, दुसऱ्यातून घरघर. मामींनी स्पीकरवर पंजा ठेवला. "रिकामी फिरतीय. दाणे घाल." मी खर्र करणारं तिसरं खोकं जोडलं. "आता पडली ज्वारी," त्या म्हणाल्या. मला इतका आनंद झाला की सांगायची लाज वाटते.

कॅसेट भरली, छपरावर कर्णा लागला. बायका डबे घेऊन येऊ लागल्या. "इंजन पुन्हा बसवलं वाटतं," म्हणाल्या. संगीतकाराचं नाव कुणी विचारलं नाही, पण मामींनी ओरडून सांगितलं, "भाच्यानं केलंय! लई हुशार हाय, नोकरी तेवढी न्हाई!"

काही वर्षांनी दळता दळताच त्या कोसळल्या. जीपमधून अंबाजोगाईला दवाखान्यात नेलं. संध्याकाळी डोळे उघडून काहीतरी बोलल्या, ते ऐकूच येईना. मी ओठांशी कान नेला. मामी कुजबुजत होत्या.

"टेप बंद केलास न्हवं? लोक उगं येतील दळण घेऊन."

"केला, मामी," मी म्हणालो. केला नव्हता, त्या धावपळीत कुणाला सुचतंय? पहाटे त्या गेल्या.

त्यांना घेऊन गावात शिरलो तेव्हा टेप आपोआप बाजू बदलत चालूच होता. नेमकी त्या रात्री वीजही गेली नव्हती. ओट्यावर दळणाचे डबे ओळीनं लागले होते आणि बायका तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. माझं काही ऐकून एवढी माणसं पुन्हा कधी जमली नाहीत.