फुलीशेजारची ओल

तिला सगळे काठीताई म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव होतं, हजेरीपत्रकावर छापलेलंही होतं, पण बावीस वर्षं मोजणीच्या पथकात काठी धरल्यावर त्या नावाने हाक मारली असती तर तिनेच मागे वळून पाहिलं असतं, कुणाला बोलावतायत म्हणून. काठी म्हणजे चार मीटर उंच, लाल-काळे आकडे रंगवलेली. साहेब लांब तिपाईवरच्या दुर्बिणीतून आकडा वाचणार आणि हिने तिकडे काठी सरळ उभी धरायची, एवढंच काम. एवढंच म्हणणाऱ्याने भर उन्हात, सुटलेल्या वाऱ्यात, अर्धा तास ती हलू न देता धरून दाखवावी.

आता मोजणीची गंमत अशी की ती नेहमी जिथे अजून काहीच नाही तिथे चालते. रस्ता व्हायच्या आधी, कालवा खणायच्या आधी, विजेचे खांब यायच्या आधी. चहाची टपरीसुद्धा मोजणीनंतरच येते. मग सकाळी सातला गाडीतून उतरलेल्या माणसाने संध्याकाळी पाचपर्यंत जायचं कुठे? पथकात माणसं तीन. साहेब, ड्रायव्हर आणि ही. ड्रायव्हर गाडीच्या मागच्या चाकाशी जायचा आणि शीळ घालत परत यायचा. साहेब चार पावलं चालून पाठ फिरवायचे की झालं. तिघांतल्या दोघांना हा प्रश्न कधी पडलाच नाही, त्यामुळे पथकाला तो प्रश्नच नव्हता.

पहिल्या वर्षी काठीताई लांब जायची. झुडूप असेल तर झुडूप, खड्डा असेल तर खड्डा, काहीच नसेल तर नुसतं लांब. जमीन कुठे उतरते, वारा कुठून येतो, खाली मुंग्या आहेत का, हे सगळं ती चालता चालता बघून ठेवायची. त्यात ती तरबेज झाली. माणूस हजार पावलं लांब गेला की दिसत नाही, अशी तिची पक्की समजूत. दिवसभर दुर्बिणीसमोर उभ्या राहणाऱ्या बाईची अशी समजूत असावी, याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा.

एकदा ती परतली तेव्हा मोठे साहेब (ते तेव्हाही मोठेच होते, पोटाने आणि हुद्द्याने) वहीत तोंड खुपसून बसले होते. त्या दिवशी त्यांनी तीन आकडे चुकीचे लिहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला एक नारिंगी जॅकेट दिलं आणि गाडीच्या टपाकडे बघत म्हणाले, "हे काठीवर टांगत जा. टांगलं की मी दुर्बिणीला टोपी घालीन आणि आम्ही दोघं पलीकडे तोंड करून उभे राहू. काढलंत की काम सुरू."

त्यांनी काय पाहिलं होतं ते तिला कळलं. तिला कळलं हे त्यांनाही कळलं. पुढची एकवीस वर्षं त्यावर कुणी हूं की चूं केलं नाही. काठी जमिनीत रोवायची, वर जॅकेट टांगायचं, आणि दोन पुरुष आभाळात काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारखे पलीकडे बघत उभे राहायचे. उघड्या माळावर तेच तिचं चार भिंतींचं घर. तरी ती दिवसातून एकदाच जॅकेट टांगायची. दोनदा टांगणं बरं दिसत नाही म्हणून पाणीच कमी प्यायची. सकाळी अर्धा कप चहा, जेवताना दोन घोट, बाकी जीभ ओठांवरून फिरवायची. ती सवय इतकी जुनी झाली की तहान लागणंच बंद झालं. काठीताईला याचा अभिमानसुद्धा होता, खरं सांगायचं तर.

मग मोठे साहेब निवृत्त झाले. जाताना त्यांनी नव्या साहेबांना सगळं यादी करून दिलं. तिपाया, बॅटऱ्या, गाडीची दुसरी किल्ली, कपाटाचं कुलूप कुठे अडकतं तेसुद्धा. जॅकेटचं लिहिलं नाही. ते कुठल्या रकान्यात लिहिणार?

नवे साहेब तिच्या भाच्याच्या वयाचे. भला माणूस, ताई-ताई करून बोलायचा. त्यांनी येताना ड्रोन आणला. काठी गाडीतच राहिली. आता काठीताईने पुढे जायचं, जमिनीवर ठरल्या जागी प्लास्टिकची पांढरी फुली अंथरायची, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, बाजूला व्हायचं. मग यंत्र वर जाणार आणि घोंगावत सगळ्या जमिनीचे फोटो काढणार. तासाला एक पट्टा, पट्ट्यात एक फुली. बातमी वाचावी तसं ती हे सगळं बघायची. जॅकेट तिने घडी करून सीटखाली ठेवलं. ज्याला वरून दिसतं त्याच्यासाठी ते कुठे टांगणार?

त्याच महिन्यात तिचे पाय सुजले आणि लेक तिला दवाखान्यात घेऊन गेली. लेक एका तपासणी केंद्रात रक्ताचे नमुने घ्यायची, तिला फसवणं सोपं नव्हतं. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. "एक किडनी सुकली आहे. दुसरी निम्मी चालते. बाई, तुम्ही पाणी पीत नाही का? दिवसाला तीन लिटर प्यायचं, कामावर असताना दोन. हेच औषध. नाही प्यायलात तर दुसरीही जाईल." शेजारणीच्या घरचं काही ऐकावं तशी काठीताई ऐकत होती. लेक मात्र गाडीवर घरी येईपर्यंत रडली.

दुसऱ्या दिवसापासून डब्याच्या पिशवीत दोन लिटरची बाटली आली. बाटलीवर लेकीने काळ्या पेनाने रेषा मारल्या होत्या आणि रेषेपुढे तास लिहिले होते, आठपासून तीनपर्यंत. संध्याकाळी आई घरी आली की लेक आधी बाटली बघायची, मग आईच्या नडगीवर अंगठा दाबायची आणि खड्डा किती वेळात भरतो ते मनात मोजायची.

बाटली रोज रिकामी यायची. रेषेबरहुकूम.

काठीताई फुली अंथरायची, दगड ठेवायची, आणि यंत्र वर जायच्या आत त्या तासाचं पाणी फुलीशेजारी ओतून टाकायची. पाठ गाडीकडे असायची, त्यामुळे बघणाऱ्याला ती पाणी पितेय असंच वाटावं. तिला पिता आलं असतं. पण प्यायलं की जावं लागणार, आणि जायचं तर नव्या साहेबांना सांगावं लागणार की यंत्र खाली घ्या. जी गोष्ट मोठ्या साहेबांना एकवीस वर्षांत एकदाही तोंडाने सांगावी लागली नाही, ती भाच्याच्या वयाच्या पोराला सांगायला तिची जीभ उचलेना. किडनी जाईल हे तिला माहीत होतं. माहीत असणं एका बाजूला पडून होतं आणि हात दुसऱ्या बाजूला पाणी ओतत होते. असे तीन महिने गेले.

मग एका सकाळी नव्या साहेबांनी तिला आणि ड्रायव्हरला कचेरीत पडद्यापुढे बोलावलं. आदल्या दिवशीचे सगळे फोटो जोडून केलेला नकाशा पडद्यावर होता. दोन किलोमीटर तपकिरी जमीन, त्यावर पांढऱ्या फुल्या.

"ताई, हे बघा." त्यांनी एक फुली मोठी केली. फुलीशेजारी ताटाएवढा काळसर डाग होता. दुसरी फुली, दुसरा डाग. तिसरी. "प्रत्येक ठिकाणी आहे. मला वाटलं कॅमेऱ्यात बिघाड आहे. पण डाग फुलीशेजारीच कसा येईल? जमिनीत पाणी आहे का तिथे? मला नोंद करावी लागेल."

काठीताईने डाग मोजले. आठ होते. यंत्र वर जायच्या आधी ओतलं म्हणजे दिसणार नाही, असं तिला वाटलं होतं. जमीन ओली राहते, हे बावीस वर्षं जमिनीवर काढलेल्या बाईला सुचलं नव्हतं.

"पाणी आहे," ती म्हणाली. "माझ्या बाटलीतलं. मी ओतते."

"का?"

ड्रायव्हर एकदम मोबाइलमध्ये शिरला.

"प्यायलं की जावं लागतं, साहेब. तिथे जायला कुठे आहे?"

साहेबांना आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यांचे कान लाल झाले. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी नकाशा मोठा केला आणि शोधायला लागले. खरंच शोधायला लागले, या टोकापासून त्या टोकापर्यंत, झुडूप, खड्डा, बांध, काही. दोन किलोमीटर त्यांनी बोटभर बोटभर पाहिले.

"सगळं सपाट आहे," ते म्हणाले.

"हो," काठीताई म्हणाली.

ड्रायव्हरनेच मग मोबाइलमधून मान वर न काढता जॅकेटचं सांगितलं. एकवीस वर्षांत पहिल्यांदा ते कुणीतरी बोललं. साहेबांनी ऐकून घेतलं. "उद्यापासून तसंच," ते म्हणाले. "जॅकेट दिसलं की मी यंत्र खाली उतरवून डब्यात बंद करीन. तुम्ही पाणी प्या, ताई. कृपा करून प्या."

दुसऱ्या दिवशी तिने आठची रेष प्यायली. नऊचीही. गेल्या कित्येक वर्षांत इतकं पाणी तिच्या पोटात एका वेळी गेलं नव्हतं. दहा वाजता तिने गाडीतून काठी काढली, रोवली, वर नारिंगी जॅकेट टांगलं. यंत्र घोंगावत खाली आलं, डब्यात गेलं. साहेब आणि ड्रायव्हर पलीकडे तोंड करून उभे राहिले. सगळं पूर्वीसारखं.

ती बसली. काहीच होईना. वारा होता, ऊन होतं, एक मुंगी बुटावर चढली आणि उतरली. तिने बरीच वाट बघितली. दोघे पाठमोरे उभे होते, साहेबांनी एकदा पाय बदलला. माणसांना किती उभं ठेवायचं म्हणून ती उठली आणि जॅकेट काढून घेतलं. बाराला पुन्हा टांगलं. दोनला पुन्हा. एका दिवसात तीनदा जॅकेट टांगायची तिची पहिलीच वेळ, आणि तिन्ही वेळा ती कोरडीच उठली.

संध्याकाळी लेकीने रिकामी बाटली पाहिली, नडगीवर अंगठा दाबला. खड्डा भरलाच नाही. लेकीने हात काढला तरी तो तिथेच राहिला.

"पाणी प्यायलीस ना?"

"आज प्यायले," काठीताई म्हणाली.

लेकीने आईच्या तोंडाकडे पाहिलं. त्या एका शब्दात तिला तीन महिने कळले. ती रडली नाही, चपला घालून गाडीची किल्ली घेतली.

डॉक्टरांनी या वेळी कागद एकदाच वाचला. दुसरी किडनीही आता काम करत नव्हती, शरीरात पाणी साठत होतं. यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यायला आठवड्यातून दोनदा यावं लागेल, म्हणाले. कामावर हवं तर बाकीचे दिवस जाता येईल, उन्हात फार उभं राहायचं नाही. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी हळू आणि स्पष्ट सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. "आणि पाण्याचं नीट ऐका. आता पाणी प्यायचं नाही. सकाळी अर्धा कप चहा, गोळ्यांपुरते दोन घोट. फार तहान लागली तर ओठ ओले करायचे. जमेल का तुम्हाला?"

लेकीने तोंडावर हात ठेवला.

काठीताईने पिशवीतली बाटली काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली, आता लागणार नाही म्हणून.

"जमेल की," ती म्हणाली. "त्याची सवय आहे."