रिकव्हरी नावाचा कप्पा

आमच्या भागात 'रिकव्हरी' हा शब्द शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. उसातून साखर किती निघाली, त्याचा उतारा म्हणजे रिकव्हरी. कारखान्याचं धुराडं पेटलं की सलूनमध्ये, चहाच्या गाड्यावर, एसटीत तिचीच चर्चा. लॅपटॉपमध्येही याच नावाचं काहीतरी असतं आणि त्याचा उसाशी काडीचा संबंध नसतो, हे आमच्या आण्णांना कुणी सांगितलं नव्हतं.

आण्णा म्हणजे माझे वडील. पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि आष्ट्याजवळच्या मळ्यात ऊस करू लागले. मी साताऱ्याला सरकारी कचेरीत कारकून, महिन्यातून दोन शनिवारी गावी जाणारी. लॅपटॉप मूळचा माझ्या चुलतभावाचा. तो साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होता. नवा घेतल्यावर जुना त्याने आण्णांना दिला. आण्णांनी फौजी सवयीने आधी त्याची झडती घेतली. त्यात 'रिकव्हरी' नावाचा एक वेगळा कप्पा निघाला, काठोकाठ भरलेला, वर लाल पट्टी. भाऊ प्रयोगशाळेतला, कप्प्याचं नाव रिकव्हरी. आता यात कारखान्याचे आकडे नसतील तर काय असेल? दुसऱ्याच्या दप्तरातला कागद आपल्या घरात ठेवायचा नाही, ही आण्णांची शिस्त. त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ बघत बघत तो कप्पाच उडवून टाकला आणि मला फोन करून सांगितलं की कारखान्याचा कचरा काढला, आता जागा लय झाली. मी कचेरीत कामात होते. नीट न ऐकताच मी बरं केलंत म्हणून मोकळी झाले.

त्या कप्प्यात लॅपटॉपचं औषधपाणी होतं. आतली यंत्रणा बिघडली तर ती पुन्हा मूळपदावर आणायची सोय कंपनीने तिथे ठेवलेली असते. धडधाकट माणसाच्या घरात औषध नसलं तरी काही अडत नाही, तसे पाच-सहा महिने निघून गेले. मग एका दुपारी अपडेट चालू असताना वीज गेली. बॅटरीने केव्हाच मान टाकलेली. वीज आल्यावर निळा पडदा आला आणि दुरुस्तीची साधनं सापडत नाहीत असं इंग्रजीत सांगून बसला.

शनिवारी घरी पोचले तेव्हा आण्णांनी लॅपटॉप टॉवेलमध्ये गुंडाळून कपाटात ठेवला होता. सगळी कथा ऐकली आणि माझं डोकं फिरलं. मला राग पटकन येतो आणि आला की तोंडाला लगाम राहत नाही. म्हाताऱ्या माणसाने न कळणाऱ्या गोष्टींत हात कशाला घालायचा, असं मी त्यांना तोंडावर बोलले. मी सांगलीच्या एका दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, घेऊन या, फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकतो, अर्ध्या तासाचं काम. आतलं सगळं जाईल पण लॅपटॉप नव्यासारखा होईल.

आतलं जाईल हे ऐकल्यावर आण्णा उठले आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले. म्हणाले, आत म्हसवडच्या वहिनींसाठी लिहिलेलं आहे.

म्हसवडच्या वहिनी म्हणजे त्यांच्या पलटणीतल्या जोडीदाराची बायको. जोडीदार चाळीस वर्षांपूर्वी डोंगरातल्या रस्त्यावर गाडी उलटून गेला. अस्थी घेऊन आण्णाच म्हसवडला गेले होते. शेवटी माझं नाव घेतलं का, असं वहिनींनी विचारलं होतं आणि आण्णांनी घेतलं म्हणून सांगितलं होतं. गेल्या दिवाळीत वहिनींचा निरोप आला: नातवंडं विचारतात, काय काय झालं ते एकदा लिहून द्या. आण्णांनी सगळा हिवाळा दोन बोटांनी टाइप करून बावीस पानं लिहिली. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

"मी तिला खोटं सांगितलंय," आण्णा म्हणाले. "ह्यात खरं लिवलंय. एकदाच लिवाय आलं मला. परत न्हाई यायचं."

मला माझी लाज वाटली. तोंडाने मात्र एवढंच म्हणाले की पेन ड्राइव्ह कुठाय.

काम अवघड नव्हतं, किचकट होतं. शेजारच्या घरातल्या कॉम्प्युटरवर पेन ड्राइव्ह असा तयार करायचा की लॅपटॉप त्याच्यावरूनच चालू होईल. मग आधी आतल्या फायली बाहेर काढायच्या आणि नंतरच नवी यंत्रणा टाकायची. लॅपटॉप सुरू होताना नेमक्या क्षणी एक बटण दाबावं लागतं, तो क्षण मी पाच वेळा चुकवला. सहाव्यांदा लागलं. आण्णांचं फोल्डर उघडलं. फाइल होती. उघडली तर इंग्रजी अक्षरांची खिचडी. पण हा रोग माझ्या ओळखीचा होता. भावाने कारखान्यातला जुना मराठी फॉन्ट लॅपटॉपमध्ये टाकलेला. पेन ड्राइव्हवरच्या यंत्रणेत तो नव्हता, म्हणून असं दिसत होतं. आमच्या कचेरीतही तोच फॉन्ट आहे. फाइल पेन ड्राइव्हवर घेतली, दोन ठिकाणी उतरवली, मग लॅपटॉप पुसून विंडोज नव्याने टाकलं. सोमवारी साताऱ्यात बावीस पानं छापली. एकही वाचलं नाही.

पुढच्या खेपेला आण्णा मला म्हसवडला घेऊन गेले. वहिनींना वाचता येत नव्हतं आणि स्वतःचं लिहिलेलं आण्णांना वाचवेना. पडवीत बसून मी वाचत गेले. विसाव्या पानावर अपघात आला. दवाखान्यापर्यंत तीन तासांचा रस्ता, जोडीदाराचं डोकं आण्णांच्या मांडीवर. पुढे आण्णांनी लिहिलं होतं: "तो बोलत होता. पण घरच्या कुणाचं नाव त्याने घेतलं नाही. थांबू नका, अजून दोन परस खाली जावा, एवढंच शेवटपर्यंत म्हणत राहिला. वहिनी, मी तुम्हाला खोटं सांगितलं. माफ करा."

आमच्याकडे विहिरीची खोली परसात मोजतात. एक परस म्हणजे पुरुषभर. तापाच्या भरात बरळल्यासारखं ते वाक्य मला वाटलं. मी थांबले. आण्णा फरशीकडे बघत बसले होते.

"किती परस म्हणालं?" वहिनींनी विचारलं.

मी दोन म्हणाले.

जोडीदार गेला त्या वर्षी त्यांच्या रानात विहीर खणायचं काम चाललं होतं. खडक लागला, पाण्याचा पत्ता नव्हता. खणू का थांबू, असं वहिनींनी शेजाऱ्याकडून नवऱ्याला पत्रात लिहवून घेतलं होतं. उत्तराआधी तो गेल्याची तार आली. मग खणणारी माणसं गेली आणि पुढे कधीतरी तो खड्डा दगडांनी बुजवला. हे सगळं त्यांनी हळूहळू, मला सांगितलं. आण्णांना त्या पत्राचा पत्ताच नव्हता. चाळीस वर्षं ते त्याला बरळणं समजत होते.

त्या ओळीवर बोट ठेवायला लावून वहिनींनी ती माझ्याकडून पुन्हा वाचून घेतली. आण्णा रडायला लागले होते. त्यांना रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

"खोटं न्हवतं ते, भावजी," वहिनी म्हणाल्या. "माज्याशीच बोलत हुतं."